डाव्या हाताची पेटी

भाऊजी, पेचकस अन् पाना घेऊन मी तुमच्या दारात उभा होतो. आदल्याच दिवशी तुमचा जलदानविधी झाला होता. अंगणातला मांडव अजून सोडला नव्हता, भाड्याच्या सतरंज्या गुंडाळून भिंतीला टेकवलेल्या होत्या. अन् मी आलो होतो तुमच्या गाडीच्या डिक्कीतली ती स्पीकरची पेटी काढायला.

रागावू नका, मला हौस नव्हती. गाडी आता तुमचे दोस्त मडावीभाऊ चालवणार असं ठरलं. त्यांच्याकडच्या, एटापल्लीच्या बाजूच्या सवाऱ्या म्हणजे माणसांपेक्षा सामान जास्त. डिक्कीत तुमची पेटी बसलेली असली तर पोती अन् गाठोडी ठेवायची कुठं? तुम्ही सगळं कॅरिअरवर बांधत होता, अन् सवारी कुरकुरली तर तिला गाणं ऐकवून गप्प करत होता. ती कला प्रत्येकाला येत नाही. माझी बहीण, मी जिला बाई म्हणतो ती तुमची शांता, तीच म्हणाली होती, "वामन, तूच ये अन् तुह्या हातानं काढ. दुसरा कोनी आला तं तोडून काढन." म्हणून आलो.

विधीच्या दिवशी लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलले. भला माणूस, कलावंत माणूस, गावाची शान. मेलेल्या माणसाला वाईट कोण म्हणतं? मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो अन् मला सारखं उठून सांगावंसं वाटत होतं, की बाप्पाहो, हा माणूस अतिशय हट्टी होता. एक नंबरचा हेकट. याचं अन् माझं एक भांडण अर्ध्यात राहिलं आहे, अन् हा उठून निघून गेला. समोर तुमचा हार घातलेला फोटो. फोटोशी काय भांडू?

तर ते भांडण इथं मांडतो. तुम्हाला उलटून बोलता येणार नाही. तेवढा एक फायदा मला घेऊ द्या.

सुरुवात माझ्यापासून झाली असं तुम्ही आयुष्यभर म्हणत आलात. मी नागभीडला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं अन् पहिला टेपरेकॉर्डर हातात आला, तेव्हा तो घेऊन तडक तुमच्या गावी आलो. विहारासमोर तुमच्या गाण्याच्या पार्टीचा कार्यक्रम होता. बाई गाणार अन् तुम्ही ढोलकी वाजवणार. मी टेपरेकॉर्डर बाईच्या पुढ्यात ठेवला, बटण दाबलं अन् मान खाली घालून कॅसेट फिरते की नाही तेवढंच पाहत बसलो. नवं खेळणं होतं, दुसरीकडे नजर जात नव्हती. घरी येऊन ऐकलं तर बाईचा आवाज असा खणखणीत की अंगावर काटा. तुमच्या उजव्या हाताची टिणटिण मागून ऐकू येत होती. डावा हात, ढोलकीची धुम, जिच्यावर अख्खं गाणं उभं राहतं, ती नावालासुद्धा नाही.

"पाय शांता," तुम्ही म्हणालात, "साल्यानं बहिनीचा गळा भरला अन् भाटव्याचा हात भायेर ठेवला."

सगळे हसले, मीही हसलो. मी म्हटलं, पुढच्या वेळी तुमच्या पुढ्यात ठेवतो. तुम्ही म्हणालात, ठेवजो. पुढची वेळ येणारच होती, घाई कसली.

ती आली नाही. अहेरीच्या रस्त्यावर चाक बदलताना जॅक सरकला अन् गाडी तुमच्या डाव्या हातावर बसली. हात राहिला, बोटं राहिली, पण वाकायची बंद झाली. डॉक्टर म्हणाले, हात वाचला हे नशीब समजा. तुम्ही मान डोलावली. दवाखान्यातून घरी आल्यावर ढोलकी मांडीवर घेतली, डाव्या तळव्यानं एक थाप मारली अन् लाकडी फळीवर फळी आपटावी तसा आवाज आला. तुम्ही ढोलकीला कापड गुंडाळलं अन् ती फळीवर ठेवून दिली. 

बाई म्हणाली, मी गाणं सोडते. तेव्हा मात्र तुम्ही चिडलात. एवढं चिडलेलं मी तुम्हाला पाहिलं नव्हतं. "तू थांबली तं माहे दोन्ही हात गेले समज," तुम्ही म्हणालात. मग तुम्हीच दुसरा ढोलकीवाला शोधून आणला, बाईला गाडीत बसवून गावोगाव नेलं, अन् कार्यक्रम चालू असताना लांब गाडीच्या बॉनेटवर बसून राहिलात. जवळ कधी आला नाहीत. कोणी बोलावलं तर म्हणायचे, गाडीजवळ कोनीतरी पायजे ना.

गाडी पुन्हा चालवायला लागलात तेही आपल्या पद्धतीनं. अँबॅसिडरचा गिअर स्टिअरिंगलाच, डाव्या अंगाला. तळव्यानं ढकलून टाकत होता तुम्ही, पण थंडीत हात ठणकायचा. मग बाई पुढं तुमच्या शेजारी बसायला लागली. तुम्ही क्लच दाबायचा, मान नुसती हलवायची, अन् बाईनं दांडी ओढायची. लोकं पाहून हसत. "एक गाडी अन् दोन डायव्हर" असं चिडवत. बाई कोणालाच भीक घालत नव्हती. मूल गावच्या चढावर तुम्ही मान हलवायच्या आधीच तिचा हात दांडीवर गेलेला असायचा.

मग एके दिवशी तुम्ही माझ्या दुकानात आलात, बगलेत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. उघडलं तर भला थोरला वूफर, जाड आवाज काढणारा स्पीकर. बारा इंची, मागं चुंबक एवढं की टेबलावरचे पेचकस सरकून त्याला चिकटले. नागपूरच्या जुन्या बाजारातून उचलून आणला होता.

"वामन, हे गाडीत लागन का?"

मी म्हटलं, "गाडीत? हा नाटकाच्या मंडपातला आहे भाऊजी. कायले पायजे तुमाले? सवारीचे कान फोडता का?"

तुम्ही खिशातून कॅसेट काढली. तीच. झिजून तिच्यावरची अक्षरं पुसली होती. "याच्यात माहा डावा हात आहे," तुम्ही म्हणालात. "तुह्या लहान स्पीकरात तो येत नाई. पन भरला तं गेला असनच ना? आवाज का कुठी पळून जाते?"

मी हसणार होतो. पण तुमच्या तोंडाकडे पाहिलं अन् हसू आलं नाही. आता कॅसेटमध्ये तुमच्या हाताचं किती उतरलं असेल हे मला सांगता येत नव्हतं. माईक बाईच्या तोंडाशी, तुम्ही तिच्या बाजूला. उतरलं असेल थोडं, पुसट. ते पुसट वर काढायला स्पीकरचा मोठा पडदा लागणार, मोठा अ‍ॅम्प्लिफायर लागणार अन् वूफरच्या मागची हवा कोंडून धरणारी घट्ट पेटी लागणार. पेटी नसली तर एवढा वूफरसुद्धा नुसता फडफडतो, धुम काढत नाही. हे मी तुम्हाला समजावून सांगितलं. अन् इथंच चुकलो, कारण पेटी म्हटल्यावर तुमचे डोळे चमकले.

मी सांगितलं होतं, प्लायवूड घ्या. जाड प्लायवूड, आतून लाकडाच्या पट्ट्या मारलेलं, दगडासारखं मुकं. पेटीनं बोलायचं नसतं भाऊजी, बोलायचं वूफरनं. पेटीचं काम फक्त गप्प राहायचं. हे मी नागपुरात ज्याच्या हाताखाली शिकलो त्यानं मला डोक्यात टपल्या मारून शिकवलं होतं.

तुम्ही ऐकून घेतलं, चहा प्यायलात, गेलात अन् आठवड्यानं मडावीभाऊंना घेऊन आलात. गाडीच्या कॅरिअरवर शिवणीच्या झाडाचं खोड बांधलेलं.

मडावीभाऊंनी "जोहार" केला अन् हसत उभे राहिले. ते खोड त्यांच्या परसात कित्येक पावसाळे सुकत पडलं होतं. ढोलासाठी ठेवलं होतं त्यांनी. शिवणीचं लाकूड हलकं, तडकत नाही अन् घुमतं गोड, म्हणून ढोल तिचा करतात. तुमच्या ढोलकीचं खोडही शिवणीचंच. हे सगळं मला माहीत होतं. अन् म्हणूनच माझं डोकं फिरलं.

"अवो, हे घुमनारं लाकूड आहे! मी मुकं मागून राह्यलो अन् तुमी बोलकं घेऊन आले!"

"मंग? हात कशात घुमन? प्लायवूडात? भुसा अन् सरस चिकटवून केलेल्या फळीत?" तुम्ही म्हणालात. "माही धुम शिवनीतून निंघाली होती, शिवनीतूनच निंघन."

ढोलकीवाल्याशिवाय अशी चूक जगात कोणी करणार नाही. चार गावचे सुतार बोलवा, एकही म्हणणार नाही की वूफरची पेटी ढोलासारखी करा. अन् आजूबाजूचे हसत होते ते वेगळ्याच कारणासाठी. म्हणे सागवानाच्या जिल्ह्यात राहून शिवणीची पेटी करून राह्यले, शोभते का.

तुमच्याशी कोणी जिंकलं आहे? आरा मशीनवर खोड चिरून आणलं. फळ्या तुम्ही धरायच्या, रंधा मी मारायचा. तुमच्या डाव्या हाताला फळी दाबून धरणं जमत होतं, उलट चांगलंच जमत होतं. "पाय," म्हणायचे, "शिकंजा झाला माहा हात. कामाचा आहे." फळीला फळी खाच पाडून बसवली, सरस लावला, आतल्या कोपऱ्यांत पट्ट्या मारल्या. समोरच्या फळीला वूफरएवढा गोल काढायचा होता. मी मधोमध परकार ठेवला. तुम्ही हात धरला. मधात नको, म्हणालात, गाडीच्या डाव्या अंगाला घे.

"काऊन?"

"मधात गाडीचा रॉड येते."

रॉड येत नव्हता. मी मोजलं होतं. पण म्हटलं, जाऊ दे, एका माणसाशी दिवसातून किती वेळा भांडायचं.

सांधे बुजवायची वेळ आली तेव्हा मी बाजारातली लांबी आणायला निघालो होतो. तुम्ही चुलीवर कढई ठेवली. तीत राळ घातली, एरंडीचं तेल घातलं, मडावीभाऊंनी आणलेलं मोहोळाचं मेण घातलं. ढोलकीच्या धुमेला आतून जो मसाला लावतात तोच. घरभर वास सुटला. बाई बाहेर आली, कमरेवर हात. "का शिजवून राह्यले माह्या कढईत?" तुम्ही म्हणालात, "औषध." ती म्हणाली, "ते कढई आता मले परत नोका दाखवजा." अन् तुम्ही तो गरम मसाला उजव्या हाताच्या बोटानं एकेका सांध्यात भरत गेलात, इतक्या हळू, लहान लेकराच्या डोळ्यात काजळ घालावं तसा. मी उभा राहून पाहत होतो. हट्टी माणूस, चुकीचं लाकूड, चुकीचा मसाला, अन् काम मात्र असं सुंदर!

वूफर बसवला, मी बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर जोडला, उदबत्ती पेटवून सांध्यांजवळून फिरवली. हवा कुठून निसटत असली तर धूर तिथं थरथरतो. कुठंच थरथरला नाही. धूर आपला सरळ वर. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी दुसरीकडे पाहिलं.

डिक्कीत ती पेटी चढवायला आपण तिघंजण लागलो, अन् तिचं तोंड कुठं करायचं यावर पुन्हा पेटलो. मी म्हणत होतो, मागं, झाकणाकडे. तुम्ही म्हणत होता, पुढं, सीटकडे. मागच्या सीटच्या पाठीमागचा पुठ्ठा तुम्ही उचकटून काढला, म्हणजे वूफर अन् सीट यांच्यात काही नको. मी म्हटलं, "भाऊजी, आवाज असा कानाले येत नाई, बसनाऱ्याच्या पाठीवर आदळन."

"पाठीवरच पायजे," तुम्ही म्हणालात.

बॅटरीपासून जाड वायर पायपुसण्याखालून मागं नेली. पेटीखाली जुन्या ट्यूबचे तुकडे टाकले, पट्ट्यांनी आवळून बोल्ट कसले. स्टेपनी पेटीखाली गाडली गेली तेव्हा ती वर कॅरिअरवर बांधावी लागली. गाडीचा मागचा भाग एवढा बसला की मडावीभाऊ म्हणाले, आता पुढचे दिवे झाडावरची माकडं दाखवतील. मग तुम्ही मागं बसलात, डाव्या बाजूला नाही, उजव्या. डावीकडची जागा मोकळी ठेवून मला म्हणालात, लाव.

अन् घुमलं, भाऊजी. ते मी नाही म्हणत नाही. बाईचा आवाज नेहमीसारखा समोरून, अन् मागून, सीटमधून, पोटातून आल्यासारखं घूंऽऽ, घूंऽऽ. तुम्ही डोळे मिटले. तुमची डावी बोटं मांडीवर होती, ती हलत नव्हती, पण मनगट हलत होतं. गाणं संपलं तरी तुम्ही डोळे उघडले नाहीत.

मी गप्प राहायला पाहिजे होतं, पण मी मेकॅनिक आहे, खोटं ऐकवत नाही. म्हटलं, "भाऊजी, हा तुमचा हात नोहे. हे शिवनीचं लाकूड घुमून राह्यलं. वूफर थोडा धक्का देते अन् बाकी सारं पेटीच गाते."

तुम्ही म्हणालात, "लाकूड कोनाच्या हातानं घुमते?"

हेच ते भांडण. त्या दिवसापासून दर भेटीत. मी म्हणायचो प्लायवूडची पेटी करून देतो, मग खरा हात ऐकू येईल, जेवढा असेल तेवढा. तुम्ही म्हणायचे हाच खरा आहे. मी म्हणायचो पुरावा काय? तुम्ही म्हणायचे, तू मेकॅनिक, तू पुरावा दे. शिवाय त्या गाण्यात, मायच्या कडव्यापाशी, घुमणं एकदम बंद व्हायचं, क्षणभर, अन् पुन्हा सुरू. मी म्हटलं, कॅसेटची पट्टी खराब झाली तिथं, द्या, दुसऱ्या कॅसेटवर उतरवून दुरुस्त करतो. तुम्ही कॅसेट खिशात घातलीत. "पट्टी चांगली आहे," म्हणालात. "राहू दे तसंच."

अन् बाई? ज्या गाडीत एवढं रामायण झालं त्या गाडीत तिनं मागं बसून एकदाही ऐकलं नाही. "शांता, एकडाव मागं बसून पाय ना," तुम्ही किती वेळा म्हणालात. ती म्हणायची, "मागं बसाले मी का सवारी आहो? अन् गिअर कोन टाकन, तुमचा साला?" गाडी उभी असताना बसावं तर तिला धान निंदायला जायचं असायचं, नाहीतर मोहफुलं वाळत घातलेली असायची, नाहीतर नुसताच राग असायचा त्या कढईचा. बसीन ना, म्हणायची, पळून चालली का तुमची पेटी? पुढच्या सीटवर तिला आवाज यायचा, पण तो कानाला. तुम्ही आरशातून मागच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहायचे, तो रिकामा.

आजाराचं मी लिहीत नाही. त्यात तुमचं असं काही नव्हतं, सगळं दवाखान्याचंच होतं. शेवटी भेटलो तेव्हा तुम्ही उशीला टेकून बसला होता, अन् माझ्याकडे पाहून पहिलं काय बोललात? "का बे, प्लायवूड!" मी म्हटलं, बरे व्हा, मग दाखवतो. तुम्ही हसलात अन् हसताना खोकला आला. मग बाई पाणी आणायला आत गेली तेव्हा हळूच म्हणालात, "तिले एकडाव मागं बसव." मी म्हटलं, तुम्हीच बसवा की बरे होऊन. झालं. एवढंच बोलणं राहिलं माझ्याजवळ तुमचं.

तर त्या दिवशी मी डिक्की उघडली. आत अजून राळेचा वास होता. पहिल्या बोल्टवर पाना लावला अन् तो फिरेना, एवढा तुम्ही आवळला होता. मी जोर लावत होतो तेवढ्यात बाई बाहेर आली. पांढरं लुगडं, डोळे सुजलेले. 

"काढतच आहे तं," ती म्हणाली, "काढाच्या आधी एकडाव लाव."

मी पाना खाली ठेवला. पुढं जाऊन बसलो, चावी फिरवली. बाई पुढचं दार उघडायला गेली, सवयीनं, तुमच्या शेजारच्या सीटचं. मग तिचा हात थांबला. मी तुमच्या जागेवर बसलो होतो अन् गाडी कुठंच जाणार नव्हती, गिअर टाकायचा नव्हता. ती मागं आली. मागचं दार उघडून डाव्या बाजूला बसली. तिला कोणी सांगितलं नव्हतं, माणूस दार उघडतो तिथंच बसतो. पाठ टेकवली, बरोबर वूफरसमोर. अन् मला तेव्हा, बाप्पा, तेव्हा कळलं की रॉड का येत होता.

कॅसेट लावली. बाईचा तरुण आवाज आला अन् मागून घूंऽऽ. आरशात पाहिलं तर बाई दचकून सरळ झाली होती. मग हळूहळू पुन्हा टेकली. चेहऱ्यावर काही नाही. अंगणातून कोंबड्या चालल्या होत्या, मांडवाचं कापड फडफडत होतं. गाणं पुढं सरकत मायच्या कडव्याला आलं. 'माय माझी चिखल तुडवी, मले म्हणे शाळेत जा.' कॅसेट भरली तेव्हा आमची माय जाऊन फार दिवस झाले नव्हते, अन् ते कडवं बाईनंच रचलेलं. 'माय' या शब्दावर कॅसेटमध्ये तिचा आवाज किंचित अडकतो. लोक त्याला वाहवा देतात, म्हणतात, काय जागा घेतली बाईनं!

अन् नेहमीप्रमाणे तिथं घुमणं बंद झालं. उजव्या हाताची टिणटिण तेवढी एकटी चालू राहिली. मग पुन्हा घूंऽऽ सुरू.

"थांबव," बाई म्हणाली.

मी बटण दाबलं. मागं पाहायची हिंमत झाली नाही. म्हटलं, "बाई, तिथी पट्टी खराब झाली आहे. मी भाऊजीले म्हटलं होतं."

"पट्टी नाई," ती म्हणाली.  मग म्हणाली, "मायचं नाव आलं अन् माहा गळा भरून आला. मले वाटलं, आता सुटलं गानं, सुटलंच. तं त्यायनं डावा हात उचलला अन् माह्या पाठीवर ठेवला. उजव्यानं वाजवतच होते. म्हून पुढं म्हनता आलं. इथी, वामन. इथी त्यायचा हात माह्या पाठीवर होता."

मी स्टिअरिंग धरून बसलो होतो. मी तिथंच होतो तेव्हा, भाऊजी, हाताच्या अंतरावर, अन् मान खाली घालून कॅसेट फिरताना पाहत होतो.

पुरावा मागत होतो ना मी तुम्हाला? घ्या, मिळाला. लाकूड आपल्या मनानं घुमत असतं तर तिथं थांबलं नसतं. तुमचा हात थांबला तेव्हा शिवण थांबली. म्हणजे बाकी सगळीकडे जे घुमतं तो तुमचाच हात. हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं अन् तुम्ही मला सांगितलं नाहीत. तिला सांगून मोकळे झाला असता तरी चाललं असतं. पण नाही. तुम्हाला ते तिच्या पाठीला कळायला हवं होतं. तुमच्यासारखा हट्टी माणूस मी पाहिला नाही, अन् आता कुठं पाहणार?

तरी एक सांगून ठेवतो. पेटी ठेका पडून गेल्यावरही थोडी घुमत राहते. प्लायवूडची नसती राहिली. ते मी मेलो तरी सोडणार नाही.

बोल्ट तसाच आहे. मडावीभाऊंना सांगितलं, तर ते म्हणाले, मग कॅरिअरवर बांधू सामान, शिवण माझ्या घरची आहे, मला काय जड होते? अन् पाना मी त्या दिवशी तुमच्याच डिक्कीत विसरून आलो. असू दे तिथं.

पण ते नंतर. त्याआधी मी अजून गाडीतच होतो. मागून बाईचं नाक ओढणं ऐकू येत होतं. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, पाठ पुन्हा सीटला टेकवली अन् म्हणाली, "फिरव मागं. तेवढंच लाव, वामन. जिथी काई वाजत नाई, तेवढंच."